बटणाभोवतीचं कडं

सोमवार, सकाळचे दहा

प्रिय खटपटे,

तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं, कारण एरवी तू फोनवर दोन ओळी टाकतेस आणि त्यातली एक 'बाबा, जेवलात का' अशी असते. चार पानं वाचायला मला अख्खा दिवस लागला. एक पान वाचायचं, उठायचं, ओटा पुसायचा, परत येऊन बसायचं. आपला ओटा इतका स्वच्छ कधीच नव्हता.

म्हणजे येत्या गुरुवारी तुमच्या कंपनीत चौकशीची शेवटची बैठक. तिथे तू लिहून देणार, की आईच्या गळ्यातल्या, मदत बोलवायच्या डबीचं बटण तू आखलंस, त्याचा आकार, उंची, ताठपणा सगळं तूच ठरवलंस, पडल्यावर आईला ते दाबता आलं नाही, आणि ती गेली यात चूक तुझी, दुसऱ्या कुणाची नाही. त्याखाली सही. आणि त्याच टेबलावर राजीनामा. यापुढे माणसाच्या हातात जाईल अशी एकही वस्तू मी करणार नाही, असं लिहून त्याखाली तू दोन रेघा ओढल्यायस. चौदा वर्षांचं काम दोन रेघांत आटपलंस.

खटपटे, सही करायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवून देऊ नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्या वाक्याला रडतेस आणि मी दुसऱ्या वाक्याला विषय बदलतो, गेले सात महिने आपलं हेच चाललंय. कागदावर तसं करता येत नाही. खोडलं तरी खोडलेलं दिसतं.

घर तसं ठीक आहे. ठीक म्हणजे, सगळं जागच्या जागी आहे आणि त्याचा कुणाला उपयोग नाही. नळांना मी बसवलेले ते लांब दांडे आहेत, कोपरानं ढकलले तरी पाणी येतं. संडासाच्या कडीऐवजी लावलेला लाकडी अडसर आहे. चमचे आहेत, सायकलच्या मुठीचं रबर चढवलेले. आईचे हात थरथरायला लागले त्या वर्षी मी ते केले होते, आठवतं का? पातळ दांडी तिच्या बोटांत फिरायची आणि आमटी पदरावर. मी सायकलवाल्याकडून जुन्या मुठी आणल्या, गरम पाण्यात टाकून मऊ केल्या आणि चमच्यांवर सरकवल्या. आईनं चमचा हातात घेतला, इकडून तिकडून बघितला आणि म्हणाली, "आता एक घंटीही बसवा, म्हणजे घास तोंडाशी आला की वाजवीन." शिंपीणकाकू दारातच उभ्या होत्या, त्या हसून हसून खाली बसल्या. मी आता त्याच चमच्यानं जेवतो. माझ्या हाताला तो जाड पडतो. साधे चमचे आहेत घरात, पण ते घेववत नाहीत.

दुकान अजून उघडतो, सकाळचे दोन तास. शिंपीणकाकूंची मशीन एका बाजूला खडखडत असते, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. पूर्वीसारखं काम येत नाही. मिक्सर बिघडला तर लोक नवा घेतात. तरी कुणी इस्त्री आणतं, कुणी कुलूप. परवा एक बाई पंख्याचा रेग्युलेटर घेऊन आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकत असणार, मला मेलीला यातलं काही कळत नाही." मी तो उघडून बघितला. आकडे उलटे छापलेले, एकवर जोरात आणि पाचवर हळू. त्यांचं काहीएक चुकलेलं नव्हतं. तुझी फार आठवण झाली.

तू सहा-सात वर्षांची असशील. शाळा सुटली की दुकानात येऊन काउंटरवर चढून बसायचीस आणि गिऱ्हाईक गेलं की विचारायचीस, "बाबा, ही सगळी माणसं तुम्हाला सॉरी का म्हणतात?" मला कधी जाणवलंच नव्हतं गं ते. तू विचारल्यावर मी ऐकायला लागलो. खरंच, येणारा प्रत्येक जण आधी माफी मागायचा. मीच वेंधळी, माझेच हात जड, माझंच लक्ष नव्हतं. त्या निवृत्त शाळामास्तरांनी कानाचं औषध डोळ्यात घातलं होतं आणि स्वतःलाच 'गाढव' म्हणत होते. दोन्ही बाटल्या एकसारख्या, झाकणं एकसारखी, अक्षर मुंगीएवढं. मी कानाच्या बाटलीला दोन रबरबँड गुंडाळले आणि डोळ्याच्या बाटलीला एक. तू लगेच म्हणालीस, "डोळे दोन असतात, कान पण दोन, मग त्यांना कळणार कसं?" मास्तर थक्क झाले. मी दोन्ही बाटल्यांवरचे रबर काढून कानाच्या बाटलीभोवती खरखरीत पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला आणि डोळ्याची बाटली गुळगुळीतच ठेवली. खरखरीत ते डोळ्यात जाणार नाही, हे बोटालाच कळतं. तेव्हा मी तुला म्हणालो होतो, वस्तू चुकते आणि माणूस माफी मागतो. तू ते पुठ्ठ्यावर लिहून दुकानात टांगलंस. पुढे मोठी होऊन हेच वाक्य तू तुमच्या त्या मोठ्या सभागृहात म्हटलंस म्हणे, आणि माझं नाव सांगितलंस. सातवी शिकलेला मी. त्या दिवशी मी दुकानात बसलो खरा, पण काही काम केलं नाही. नुसता बसून होतो.

आणखी एक गोष्ट तुला त्याच काउंटरवर शिकवली होती. वस्तू नीट केली, तिच्यात काही बदल केला, तर ती बांधून द्यायची नाही. गिऱ्हाइकाला समोर वापरायला लावायची. तीही त्याच्या हातात पिशवी असेल तर पिशवीसकट, चष्मा विसरला असेल तर चष्म्याशिवाय. आपल्या हातानं चालवून 'झालं बघा' म्हणणं म्हणजे फसवणूक. आपला हात ती वस्तू ओळखतो, तो आधीच तिला सांभाळून घेतो. हे मी तुला इतक्यांदा सांगितलं की तू माझी नक्कल करायचीस, कमरेवर हात ठेवून, "पिशवी काढू नका ताई, पिशवी राहू द्या."

हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहितोय. पुढचं लिहायला हात रेटत नाही म्हणून लिहितोय.

डबीचं काम तुमच्या कंपनीत सुरू झालं तेव्हा तू तीन आठवडे इथे येऊन राहिलीस. अकरा लाकडी पाट्या घेऊन आलीस, प्रत्येकीवर वेगळा उंचवटा. एक चपटा, एक टोकदार, एक पेल्याच्या बुडासारखा. आईला खुर्चीत बसवून दाबायला लावायचीस. मी म्हटलं, सकाळी घे तिला, गोळी लागू पडलेली असते, हात स्थिर असतात. तू माझ्यावर डोळे वटारलेस. म्हणालीस, "बाबा, चांगल्या वेळेला कुणीही काहीही दाबेल. मला तिची वाईट वेळ पाहिजे." आणि तू दुपारची वेळ धरलीस, तीनच्या गोळीच्या आधीची, जेव्हा तिची बोटं तिचं अजिबात ऐकत नसत. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला आणि खरं सांगायचं तर थोडं खुपलंही. माझंच शिकवणं तू मला परत शिकवत होतीस.

सातव्या नंबरची पाटी निवडलीत तुम्ही दोघींनी. अर्ध्या लिंबाएवढा फुगीर उंचवटा, वरून, बाजूनं, कुठूनही टेकलं तरी दबणारा. बोट नाही चाललं तर तळहात, तळहात नाही तर कोपर, आणि काहीच नाही तर हनुवटी. तू आईला चटईवर आडवं केलंस आणि हनुवटीनं दाबायला शिकवलंस. ती म्हणे, "कोंबडी दाणे टिपते तशी दिसत असेन मी." तू तिच्या शेजारी आडवी होऊन तसंच करून दाखवत होतीस. मी चहाचे कप घेऊन दारात उभा. कप ठेवायलाही सुचेना, इतक्या हसत होतात तुम्ही. मायलेकींना एकत्र हसताना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी.

डबी तयार होऊन आली, आईच्या गळ्यात पडली. बटण दाबलं की भिंतीवरच्या पेटीतून आवाज यायचा, "आजी, सेंटरमधून बोलतेय, ठीक आहात ना?" आणि ठीक नसलं तर ते लोक शिंपीणकाकूंना, मला आणि दवाखान्याला फोन लावणार. तुझं काम चोख होतं. बटण इतकं सोपं होतं की काय सांगू. आणि तिथेच एक घोळ झाला, जो तुला कधी नीट कळला नाही. आम्ही कळू दिला नाही.

आई चप्पल घ्यायला वाकली की बटण दबायचं. ओट्याला टेकून भाजी निवडायला उभी राहिली की दबायचं. कुशीवर वळली की दबायचं. शिंपीणकाकूंनी वाढदिवसाला तिला मिठी मारली आणि पेटी बोलायला लागली, "आजी, ठीक आहात ना?" काकू घाबरून दोन पावलं मागे. पहिले काही दिवस मजा वाटली. सेंटरमधली ती मुलगी आईच्या ओळखीची झाली होती, आई तिला विचारायची, काय गं, आज डब्यात काय आणलंस. पण रोज चार-चार, पाच-पाच वेळा व्हायला लागलं. आणि दर वेळी आई म्हणायची, "चुकून लागलं गं बाळ, माफ कर." एक दिवस त्या मुलीच्या जागी कुणी पुरुष होता. त्यानं सरळ सांगितलं, "आजी, सारखी लाइन अडवू नका, कुणाला खरी गरज असते."  आईनं डबी काढली आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली.

मी चिडलो. ती म्हणाली, "दिवसातून पाच वेळा कुणाकुणाची माफी मागू? मी नाही घालणार ते. गळ्यात लोढणं नुसतं." मी म्हटलं, मग लेकीला सांगतो, ती करेल काहीतरी. त्यावर तिनं मला शपथ घातली. म्हणाली, "तिला सांगायचं नाही. पोरीनं माझ्यासाठी एवढं केलंय. चुकलं म्हणून कळलं तर झोपायची नाही ती."

मी गप्प बसलो. आईच्या शपथेसाठी बसलो असं मी सात महिने स्वतःला सांगतोय. ते खोटं आहे. मी गप्प बसलो कारण मला आतून बरं वाटलं होतं. तुमची ती एवढी मोठी कंपनी, तुमच्या त्या अकरा पाट्या, तुमची ती पांढऱ्या खोलीतली यंत्रं, आणि शेवटी गाडी अडली ती अशा ठिकाणी, जिथे माझ्यासारख्या पान्हे फिरवणाऱ्याला पाइपचा एक तुकडा पुरेसा होता. लेकीपेक्षा बापाला जास्त कळतं असं एकदा तरी व्हावं, ही हाव मला होती. साठी उलटल्यावर माणसाला असली हाव असू नये. पण होती.

प्लंबरकडून मी पांढऱ्या प्लास्टिक पाइपचा तुकडा आणला. त्यातून बोटाच्या पेराएवढं कडं कापलं. कानशीनं कडा घासल्या, पॉलिश पेपरनं इतक्या गुळगुळीत केल्या की गालावर फिरवून बघितलं तरी कळू नये. बटणाच्या माथ्यापेक्षा ते करंगळीच्या नखाइतकं उंच ठेवलं, म्हणजे ओट्याला टेकलं, उशीला लागलं, कुणी मिठी मारली, तरी आधी कडं टेकणार, बटण नाही. सरळ बोट आत घातलं तरच दबणार. दोन नळ्यांमधलं मिसळून करतात त्या गोंदानं ते डबीला पक्कं चिकटवलं. फार सुबक झालं होतं. तू बघितलं असतंस तर तुलाही आवडलं असतं, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगठ्यानं दाबून बघितलं. पेटी बोलली. मग आईच्या हातात दिलं. तिनं तीनदा दाबलं, तीनही वेळा पेटी बोलली. आई म्हणाली, "तपासतोय गं बाळ, आता नाही त्रास देणार तुम्हाला." डबी पुन्हा गळ्यात गेली.

सकाळचे दहा वाजले होते. गोळी नुकती लागू पडली होती. तिची सगळ्यात चांगली वेळ.

तुझ्या लक्षात आलं असेल आता. तू हुशार आहेस, चार ओळी आधीच आलं असेल. ज्या हाताला ती डबी लागणार होती त्या हातानं मी बघितलंच नाही. ज्या वेळेला लागणार होती त्या वेळेलाही नाही. खाली, फरशीवर, आडवं करून तर नाहीच नाही. जन्मभर लोकांना 'पिशवी काढू नका' सांगणारा मी, स्वतःच्या बायकोच्या बाबतीत मात्र घरचंच काम म्हणून 'झालं बघा' म्हणून मोकळा झालो.

पुढचे चार महिने एकदाही पेटी चुकून बोलली नाही. आई आल्यागेल्याला सांगायची, "शेवटी घरचाच कारागीर उपयोगी पडला." मी हवेत. तेवढ्यात कधी किती वेळा बटण दबलं याची सेंटरची यादी तुझ्या हातात पडली, आणि तू फोन करून विचारलंस की आधी रोज चार-पाच वेळा चुकून बटण दबत होतं, ते एका दिवसात एकदम थांबलं कसं. मी म्हटलं, "सवय झाली तिला." तुला हायसं वाटलं. कंपनीत तू तेच सांगितलंस, की वापरणाऱ्याला हळूहळू सवय होते. माझं खोटं तिथे तुमच्या कागदांत जाऊन बसलं.

तो दिवस तुला मी सांगितला आहे, पण गाळून सांगितला आहे. दोनला मी दुकानात गेलो, तासाभरात येतो म्हणालो. एक गृहस्थ जुना रेडिओ घेऊन आले होते. बोलता बोलता मी त्यांना आईच्या डबीचीच गोष्ट सांगत बसलो, कडं कसं कापलं, गोंद कसा लावला, सगळं रंगवून. ते ऐकत राहिले आणि मी बोलत राहिलो. घरी आलो तेव्हा सव्वापाच वाजले होते. आई न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या जागेत पडलेली होती. तीनची गोळी डब्याच्या खणात तशीच होती, म्हणजे ती तीनच्या आधी पडली. म्हणजे हात तिचे नव्हतेच. डोळे उघडे होते तिचे, मला ओळखलं तिनं. उजव्या अंगठ्याच्या कडेची साल निघाली होती. आणि हनुवटीखाली लाल वळ होता, अर्धचंद्रासारखा, वर एक, त्याखाली एक, त्याखाली अजून एक. तू शिकवलेलं ती विसरली नव्हती खटपटे. तू शिकवलेलं सगळं तिनं केलं होतं. अंगठा, तळहात, कोपर, हनुवटी. निदान सव्वादोन तास करत होती.

मी खाली बसलो आणि बटण दाबायला गेलो. माझा हात थरथरत होता. अंगठा कड्यावर आपटला आणि घसरला. परत दाबलं, परत घसरला. ते कडं माझ्या हातचं, त्याचा मिलिमीटर नि मिलिमीटर मला पाठ, आणि मला आत बोट घालता येईना. आई माझ्याकडे बघत होती. मग मी धावत जाऊन स्क्रू ड्रायव्हर आणला, कडं उचकटून काढलं, आणि बटणाला नुसता तळवा लावला. लगेच पेटी बोलली. "आजी, ठीक आहात ना?" तीच मुलगी होती.

ती पाच दिवस होती. तू दुसऱ्या दिवशी पोचलीस. डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर वेगळं सांगता आलं असतं. तू आईच्या हनुवटीवरून बोट फिरवून मला विचारलंस, "बाबा, हे कशाचं?" मी म्हणालो, "फरशीची कड लागली असेल." कडं तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

सगळं झाल्यावर नवव्या दिवशी तुमच्या कंपनीचा तपासनीस आला, डबी घेऊन जायला. भला माणूस, बूट काढून आत आला. त्यानं विचारलं, "काका, डबीला घरी काही केलं होतं का?" त्याच्या आदल्या दिवशी मी स्पिरिटच्या बोळ्यानं गोंदाचा शेवटचा डाग पुसून काढला होता. मी म्हणालो, "नाही." एवढा एकच शब्द. त्यानं तो लिहून घेतला, आणि मग त्यांच्यापुढे दुसरं उत्तरच उरलं नाही, की बटण चालू आहे पण आडवं पडलेल्या अशक्त माणसाला दाबता येत नाही, म्हणजे आकारच चुकला, म्हणजे तू चुकलीस. त्या रात्री तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "बाबा, माझ्यामुळे गेली हो ती." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालो, "नाही गं, तुझी काय चूक." मी खरं तेच बोललो होतो आणि तुला ते बापाचं सांत्वन वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. तू जावईबापूंकडे परत गेलीस, अर्धी झालीस, आणि मी इथे बसून तुला फोनवर जेवलीस का विचारत राहिलो. पोलीस, कंपनी, कोर्टकचेरी यांची भीती मला कधीच नव्हती. तुझी होती. आई गेल्यावर या जगात मला शहाणा म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते मला गमवायचं नव्हतं. तसाच राहिलो असतो मी, मरेपर्यंत. पण तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर तू लिहिलंयस, "बाबा, तुम्ही मला एकदाही दोष दिला नाहीत, तेवढ्याच आधारावर मी उभी आहे." त्या ओळीनंतर मला घरात बसवेना. म्हणून हे लिहिलं. कडं आणि याच हकिकतीचा माझ्या सहीचा कागद आज सकाळीच तुमच्या चौकशीच्या साहेबांच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवला आहे, पावती या पाकिटात आहे. म्हणजे हे पत्र फाडून टाकून तुला मला वाचवता येणार नाही. त्यांना एवढंच सांग, की तुझं बटण बरोबर होतं, पण त्याचा चुकून दबण्याचा त्रास होता. तो तुला वेळेवर कळला असता तर तू तो नीट दूर केला असतास, आणि आईनं ती डबी खिळ्याला न अडकवता घातली असती. असल्या डब्या अजून कितीतरी घरांत खिळ्यांना लटकत असतील. त्यांचं तू बघ, मला ते जमणार नाही. मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ती घ्यायला मला तोंड नाही. यायचं म्हणून येऊ नकोस, फोनही करू नकोस. दुकानाची किल्ली शिंपीणकाकूंकडे ठेवली आहे, आजपासून मी तिथे बसणार नाही. लोक विश्वासानं वस्तू हातात देतात, ते बघवत नाही. गुरुवारी त्या कागदावर सही तेवढी करू नकोस.

तुझाच, निदान हे पत्र लिहून होईपर्यंत तरी,
बाबा